प्रार्थना कोरडी वाटते, म्हणजे विश्वास थांबला का?

प्रश्न : वर्षभर पहाटेचे शास्त्रवाचन आणि प्रार्थना नेमाने करते; पण मन लागत नाही, इतर कशातही रमत नाही आणि देव आपल्यावर नाराज असेल, या विचाराने बेचैन होते. माझा विश्वास थांबला आहे का? — एक शिक्षिका, शाहूपुरी

उत्तर : तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही. स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–१५९१) यांनी अशा काळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगाच्या गोष्टींतही वाटत नाही, पूर्वीसारखे मनन जमत नाही, आणि तरीही आपण मागे तर सरत नाही ना, ही काळजी आत जागी राहते. तिन्ही खुणा तुमच्या पत्रात आहेत, आणि त्यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण ज्याचा विश्वास खरोखर थंडावला आहे, त्याला ही काळजी सहसा सतावत नाही. स्तोत्र ८८ तर अंधाराच्याच उल्लेखाने संपते, तरी ते प्रार्थना म्हणूनच पवित्र शास्त्रात आहे.

आपल्या भागातला आडसाली ऊस तोडीला यायला सुमारे दीड वर्ष घेतो. बाराव्या महिन्यात शेतकरी तो उपटून पाहत नाही. तुम्हीही रोज स्वतःची परीक्षा घेऊ नका. प्रार्थना लहान करा, हवे तर एखादे स्तोत्र नुसते वाचा, पण नेम मोडू नका. शरीराकडेही पाहा : १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले व पुन्हा झोपू दिले, देवाचे बोलणे नंतर झाले. झोप व भूक उडाली असेल, उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. त्यात अविश्वास नाही.

प्रश्न : अनेक वर्षे मंडळीचा (चर्चचा) वडील, म्हणजे पदाधिकारी आहे, उपासना चुकवत नाही, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो. तरी मुलगी म्हणते, “बाबा, तुमच्यात काहीच बदलत नाही.” — एक निवृत्त कर्मचारी, नागाळा पार्क

उत्तर : मुलीचे म्हणणे गांभीर्याने घ्या. साचलेपण फार वेळा नियमित हजेरीच्या आडच लपते. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातील इफिसच्या मंडळीजवळ श्रम, धीर, खोट्या प्रेषितांची पारख असे सगळे होते, तरी तिने पहिली प्रीती सोडली होती. गेल्या वर्षात कोणत्या वचनामुळे तुमचा एखादा निर्णय बदलला? कोणाची क्षमा मागितली? कमिटीच्या निवडणुकीपासून कोणाशी अबोला आहे का? (आपल्या मंडळ्यांत हा आजार दुर्मीळ नाही.) लूक १३ मधील निष्फळ अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो, ते भोवती खणून खत घालण्यासाठी. तुम्हीही वर्षभर पद सोडून एखाद्या तरुणाबरोबर शास्त्राभ्यासाला बसा आणि त्याचे अडचणीचे प्रश्न ऐकून घ्या.

प्रश्न : आमची उपासना रटाळ वाटते. दुसऱ्या मंडळीत जाऊ का? — एक कामगार, गोकुळ शिरगाव

उत्तर : आत्ताच नको. मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम इथे लागू पडतो. मन स्थिर झाल्यावर पाळकांशी मोकळेपणाने बोला आणि गायनाची जबाबदारी मागून घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने आपण पेंगत म्हणतो, त्यात टिळकांचा काय दोष? मात्र तुमच्या मंडळीत खोटी शिकवण दिली जात असेल किंवा कोणाचा छळ होत असेल, तर हा नियम लागू होत नाही, तिथे थांबू नका.