पैसे कुणाच्या नावावर, आणि किती महिन्यांपासून?

प्रश्न: नमस्कार ताई. मी डिचोलीची. कुंडईच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे, पगार महिना 48 हजार. गेल्या डिसेंबरात माझं लग्न झालं. नवरा मूळचा पेडण्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर 2018 साली इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला, आता त्याला तिथलं सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याची परवानगी आहे. आमची ओळख 2023 ची. तो गोदामात तासावर काम करतो, वर्षाचे साधारण 26,000 पौंड होतात. मला पत्नीच्या व्हिसावर नेण्यासाठी वर्षाचं 29,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं म्हणे. माझा पगार त्यात धरतील का? बाबा 20 लाख द्यायला तयार आहेत, ते पतसंस्थेत ठेवीत आहेत. बाबांच्या नावावर पर्वरीला फ्लॅट आहे, त्याचं 15 हजार भाडं येतं. नवऱ्याचे मामाही इंग्लंडला असतात, ते स्पॉन्सर व्हायला तयार आहेत. एक एजंट म्हणतो, सहा महिन्यांपुरते पैसे तुमच्या खात्यात ठेवतो, नंतर व्याजासकट परत करा. घरात रोज हाच विषय. मी नोकरी सोडून पूर्णवेळ या मागे लागू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: बाय, नोकरी सोडू नकोस. तुझ्या शेवटच्या ओळीनेच मला काळजीत टाकलं, म्हणून आधी हे. व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनाम्याचा विचारही नको.

तुझा कुंडईचा पगार मात्र या हिशेबात येत नाही. तू भारतात राहून अर्ज करणार, तेव्हा नोकरीचं उत्पन्न फक्त नवऱ्याचं बघतात. तू तिकडे जाऊन कामाला लागलीस की मुदतवाढीच्या वेळी तुझा तिथला पगार धरतील. आज चालेल ती तुझी शिल्लक, म्हणजे त्याच पगारातून तू बँकेत साठवलेले पैसे.

29,000 चा आकडा खरा आहे. 11 एप्रिल 2024 पासून तो लागू झाला, त्याआधी 18,600 होता. हा आकडा कर कापण्याआधीच्या उत्पन्नाचा. नवऱ्याच्या हातात किती पडतात ते विचारू नकोस, पे-स्लिपवर वर किती लिहिलेत ते विचार.

तुम्हाला 3,000 पौंड कमी पडतात. मग बाबांना वाटतं, तीन हजार पौंड म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास, आपल्याकडे तर वीस आहेत. हिशेब तसा नाही. बचतीतले पहिले 16,000 पौंड ते धरतच नाहीत. त्याच्यावर, जेवढी तूट तिच्या अडीच पट रक्कम लागते. तुमच्या बाबतीत 3,000 ची अडीच पट 7,500, अधिक 16,000, एकूण 23,500 पौंड. पौंडाला 120 रुपये धरले तर 28 लाख 20 हजार. बाबांचे वीस लाख त्याला पुरत नाहीत, आणि उरलेले आठ लाख उभे करायला त्यांनी या वयात कर्ज काढावं असं मला मुळीच वाटत नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघ. 3,000 ची तूट म्हणजे महिन्याला 250 पौंड. नवरा तासावर काम करतो ना? तासावरच्या कामगाराचं सहा महिन्यांचं एकूण उत्पन्न घेऊन त्याची सरासरी काढतात आणि तिला बाराने गुणतात. म्हणजे सहा महिन्यांत मिळून 14,500 पौंड पे-स्लिपवर दिसले की काम झालं. ओव्हरटाइम त्यात धरतात. दुसरीकडे शनिवार-रविवारचं काम धरलं तर तेही धरतात, फक्त त्या दुसऱ्या मालकाकडेही सहा महिने झालेले असायला हवेत. एका बाजूला 28 लाख सहा महिने बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला महिन्याला 250 पौंड जास्त कमवायचे. मी तुझ्या जागी असते तर नवऱ्याला आज रात्रीच फोन केला असता.

त्याला दोन गोष्टी बजावून सांग. या सहा महिन्यांत मालक बदलायचा नाही. एजन्सीमार्फत काम असेल तर एजन्सीही तीच राहू दे. मध्येच बदलली तर नव्या मालकाकडे सहा महिने भरत नाहीत, आणि मग मागच्या पूर्ण वर्षाची कमाई दाखवायचा वेगळा, कठीण नियम लागतो. दुसरं, सगळा पगार बँकेत आला पाहिजे. सहा पे-स्लिपा आणि त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून ते ओळ न ओळ ताडून बघतात. रोख घेतलेले जादा तास त्यात कुठेच दिसत नाहीत. मालकाचं पत्रही लागतं: किती दिवस कामावर आहे, पगार किती, नोकरी कायम की करारावर. आणि या कागदांची शेवटची तारीख अर्जाच्या आधी 28 दिवसांपेक्षा जुनी नको.

तरीही बचतीचा आधार घ्यायचाच झाला, तर बाबांच्या ठेवीबद्दल सांगते. पैसे ज्या संस्थेत आहेत तिच्यावर त्या देशाच्या बँकिंग नियामकाची देखरेख हवी. आपल्याकडे ती रिझर्व्ह बँकेची. पतसंस्था येते सहकारी संस्थांच्या निबंधकाखाली. तिचा दाखला या कामाला लावायचं धाडस मी करणार नाही. ते पैसे आधी बँकेत आले पाहिजेत, तेही तुझ्या, नवऱ्याच्या किंवा दोघांच्या खात्यात. मुदत ठेव चालते, अट एवढीच की हवी तेव्हा मोडता आली पाहिजे. मोडताना व्याज कापलं गेलं तरी हरकत नाही. बाबांनी पैसे बक्षीस दिले, परत मागायचे नाहीत, असं त्यांच्या सहीचं साधं पत्र कर. त्यानंतर सहा महिने खात्यातली रक्कम 23,500 पौंडांच्या खाली जाता कामा नये. आईचं सोनं विकून पैसे आणले तरी सहा महिने विकल्याच्या नव्हे, पैसे खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासून मोजायचे. सोनं म्हणून सोन्याला या अर्जात किंमत नाही.

मी म्हापशाला बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. असं पासबुक कुणी माझ्यासमोर ठेवलं की मी शेवटच्या पानावरची शिल्लक बघत नाही. सहा महिन्यांपूर्वीचं पान उघडते आणि पेन्सिल घेऊन तिथून खाली येते. अठरा हजार, बावीस हजार, विजेचं बिल, एटीएम, पुन्हा अठरा हजार, आणि मग एका मंगळवारी अचानक पंधरा लाख. त्या ओळीवर माझी पेन्सिल थांबते. व्हिसा अधिकाऱ्याचीही तिथेच थांबते. हे पैसे कुठून आले, याचा कागद त्या ओळीला जोडलेला नसेल तर पुढची पानं व्यर्थ.

म्हणून त्या एजंटला दारात उभा करू नका. व्याजाने आणलेले पैसे म्हणजे कर्ज, आणि या नियमात कर्जाचे पैसे बचत ठरत नाहीत. ते आपले आहेत असं लिहून देणं म्हणजे खोटं लिहून देणं. उघडकीस आलं तर अर्ज जातो, आणि पुढे कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना ‘पूर्वी अर्ज फेटाळला होता का?’ या रकान्यात ते लिहावं लागतं. एजंटचं व्याज तर तुम्ही भरलेलंच असतं. डिचोलीपासून काणकोणापर्यंत किती घरं या व्याजात अडकलीत, ते बघून माझा जीव तुटतो.

मामांचे मनापासून आभार माना, पण अमेरिकेत चालतं तसं नात्यातल्या माणसाने स्पॉन्सर होणं इथे सहसा चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली निकाल दिला, त्यानंतर नियमात तशी एक खिडकी ठेवली आहे. ती आहे व्हिसा नाकारल्यास कुटुंबावर असह्य आघात होईल अशा अपवादात्मक प्रकरणांसाठी. तुम्ही दोघं धडधाकट, कमावती. त्या खिडकीवर भरवसा ठेवू नका. मामांनी बक्षीस म्हणून रक्कम दिली तर ती मात्र चालेल, बाबांच्या पैशांच्याच अटींवर.

पर्वरीच्या फ्लॅटचं भाडं बाबांचं, म्हणून ते धरत नाहीत. भाड्याचं उत्पन्न तुम्हा नवरा-बायकोपैकी कुणाच्या मालकीच्या जागेचं असेल तरच मोजतात, आणि मागच्या बारा महिन्यांत बँकेत आलेलं दाखवावं लागतं. ‘मग फ्लॅट तुझ्या नावावर करतो,’ असं बाबा म्हणतील. घाई करू नका. आपल्या गोव्याच्या कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो, आई-वडिलांना आपल्या इच्छेने देता येतो तो निम्माच. आईची संमती लागते. तुझ्या भावंडांचाही प्रश्न येतो. वर्षाचं 1 लाख 80 हजार भाडं म्हणजे 1,500 पौंड. तेवढ्यासाठी भावंडांत वितुष्ट आणायचं?

तुझ्या मनात आणखी एक प्रश्न असेल, कारण मैत्रिणी सांगत असतील: अमकीचा नवराही पोर्तुगीज पासपोर्टवाला, तिला कुणी उत्पन्न विचारलं नाही. ते खरं आहे. 31 डिसेंबर 2020 पूर्वी ज्यांचं लग्न झालं होतं, किंवा जे जोडीदार म्हणून एकत्र राहत होते, त्यांना युरोपीय नागरिकांच्या योजनेतून जाता येतं आणि तिथे 29,000 ची अट नाही. तुमची ओळखच 2023 ची, म्हणून तो रस्ता नाही.

बाबांच्या वीस लाखांचं काय, तर त्यातले थोडे बाजूला ठेवा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड आहे, 33 महिन्यांच्या व्हिसासाठी 3,105 पौंड एकरकमी, म्हणजे पावणेचार लाखांच्या घरात. व्हिसाची फी, टीबीची तपासणी, इंग्रजीची ए-वन परीक्षा हे वेगळं. नवरा इतर मुलांबरोबर घर वाटून राहत असेल तर तुम्हा दोघांना स्वतंत्र खोली आणि घरमालकाचं संमतिपत्र आत्ताच बघायला सांग. लग्नाचा दाखला मात्र सिव्हिल रजिस्ट्रारकडचा हवा. देवळात अक्षता पडल्याचे फोटो सोबत जोडायला चांगले, दाखल्याची जागा ते घेत नाहीत.

प्रश्न: भाऊ लेस्टरला असतो, ब्रिटिश नागरिक. वहिनी ऑगस्ट 2023 मध्ये पत्नीच्या व्हिसावर गेली, बरोबर तिची पहिल्या लग्नाची मुलगीही. मे 2026 मध्ये मुदत संपते. भावाला 21,000 पौंड मिळतात. 29,000 नाहीत म्हणून दोघींना परत पाठवतील का? आई रात्रभर झोपत नाही.
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आईला आज नीट झोपू दे. वहिनीने पहिला व्हिसा 11 एप्रिल 2024 च्या आधी घेतला आणि नवरा तोच आहे, तेव्हा तिला जुनाच आकडा लागतो: 18,600. मुलगी ब्रिटिश नसेल तर तिच्यासाठी 3,800 वाढतात. एकूण 22,400. भावाचे 21,000 त्याला कमी पडतात, पण आता वहिनीचा तिथला पगारही मिळवता येतो. तिने निदान सहा महिने एकाच ठिकाणी काम केलं असेल आणि वर्षाचे 1,400 पौंड जरी मिळवत असेल तरी भागतं. पत्रात तिच्या कामाचं काही नाही. ती घरीच असेल तर मुदतीकडे बघून लगेच तिथल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला गाठा. मुदतवाढीला इंग्रजीची परीक्षा ए-टू पातळीची लागते, तिची तारीख आधी घ्या. अर्ज मुदत संपायच्या आत गेला पाहिजे.