देवाची योजना दिसत नसताना साक्ष कशी द्यायची?

सलाम. नोकरी जाऊन आठ महिने झाले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जो तो ‘देवाची काहीतरी योजना असेल’ म्हणतो आणि तुम्हाला ती कुठेच दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा मनाने हिंदू मैत्रिणींना प्रभूविषयी सांगणं खोटं वाटतं, वर ‘ही आम्हाला बाटवायला आली’ असं त्यांना वाटेल ही भीती. मी नगरकडची, घरात चार पिढ्या ख्रिस्ती, पेशाने नर्स. मला तुमचे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत.

तुम्हाला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन कुणीतरी नक्की पाठवलं असेल, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, या अर्थाचं. आमच्या घरी ते कॅलेंडरवर होतं. पण त्याच्या आधीच्या ओळी वाचा. ते पत्र आहे, बाबेलात, म्हणजे बॅबिलॉनमध्ये, कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं. त्यात लवकर सुटका होईल असं कुठेच नाही. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या परक्या नगरात राहताय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं आहे. आणि मुदत किती, तर सत्तर वर्षं! पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतीची वाट बघतच तिथे मेले असणार. म्हणजे संकल्प खरा होता, पण त्यांच्या डोळ्यांदेखत पुरा होणारा नव्हता. हे वचन ‘दोन महिन्यांत चांगली नोकरी लागेल’ या अर्थाने कुणी तुमच्या हातात ठेवत असेल, तर तो अर्थ तुम्ही घेऊ नका.

माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, देवाला फूल आवडलं, त्याने खुडून नेलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हेच वाक्य मी स्वतः वॉर्डात कितीतरी आयांना म्हटलं होतं. तेव्हापासून ते माझ्या तोंडून निघालेलं नाही. तीन महिने मी उपासनेला जायचे पण गीत म्हणायचे नाही, नुसती उभी राहायचे. आमच्या चर्चचे पाळक (पास्टर) घरी आले तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही. बायबलातलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं आणि प्रार्थना करून गेले. त्या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो. इतर विलापस्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते देवालाच उद्देशून आहे. मला धरायला तेवढं पुरलं. बाळ का गेलं हे मला आजही ठाऊक नाही. ज्याच्याजवळ रडले त्याने मला सोडलं नाही, हे ठाऊक आहे.

त्याच दिवसांत रात्रपाळीला माझ्याबरोबरच्या एका सिस्टरने विचारलं, एवढं होऊनही तू चर्चला जातेस? मी म्हटलं, जाते, कारण दुसरीकडे कुठे जाऊन रडू? ती काही बोलली नाही. पण त्या आधी पाच वर्षांत मी दरवर्षी नाताळचा फराळ देताना तिला जे काही सांगत आले, त्यातलं काही तिच्या लक्षात नव्हतं. हे वाक्य राहिलं.

आता साक्षीच्या परिणामाविषयी. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने त्यांना नवा करार दिला आणि वाचाल असं कबूल करून घेतलं. डोंगरावरचं प्रवचन वाचून टिळक त्यात गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण आज जी भजनं म्हणतो, त्यांतली कितीतरी त्यांची. पण तो सहप्रवासी कोण होता हे टिळकांनाही कधी कळलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, म्हणजे त्या डब्यातल्या माणसाच्या कितीतरी आधीपासून देव त्यांच्या वाटेवर होता. (यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं दुःखही विसरू नका. या बाप्तिस्म्यामुळे त्या कितीतरी दिवस नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या आल्या त्या स्वतः विचार करून, कुणी ओढून नव्हे.)

आणि अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल. १८१३ ला मुंबईत आले, तेरा वर्षं राबले, बाप्तिस्मा घेणारे जवळजवळ कुणीच मिळाले नाहीत. १८२६ मध्ये नाशिकला पटकीची साथ होती, तिथे औषधं वाटली, ती संपल्यावर परत निघाले आणि वाटेत त्याच पटकीने गेले, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. नगरची आमची मंडळी उभी राहिली ती त्यानंतर. त्यांना यातलं काहीच दिसलं नाही.

तुमच्या भीतीबद्दल. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पुष्कळ विश्वासणारे यावर नाराज असतात. मला स्वतःला यात अडचण वाटत नाही. कुणाचं मन वळवणं हे काम पवित्र आत्म्याचं, ते माझ्या हातात कधी नव्हतंच. म्हणून वॉर्डात मी नियम पाळते: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण होऊन प्रभूचं नाव सांगायचं नाही. तो माझ्या हातून पाणी पितो, मला नाही म्हणणं त्याला जड जातं. त्याने विचारलं तर मात्र लपवायचंही नाही. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलातल्या आपल्या पहिल्या पत्रात तेच लिहिलंय, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे.

मैत्रिणी ‘कशी आहेस’ विचारतील तेव्हा ‘प्रभूच्या कृपेने छान’ असं म्हणू नका. आठ महिने झाले, रात्री झोप लागत नाही, रोज देवाशी भांडते आणि सकाळी पुन्हा त्याच्याकडेच जाते, असं असेल तर असंच सांगा. त्यांनी पुढे विचारलं तर बोला, विषय बदलला तर बदलू द्या. आणि नोकरीचे अर्ज टाकत राहा, बाबेलातल्यांना मळे लावायलाच सांगितलं होतं.

माझ्यासोबतची ती सिस्टर अजून कधी चर्चला आलेली नाही. गेल्या महिन्यात तिचे वडील अत्यवस्थ होते तेव्हा तिने मला फोन करून म्हटलं, तू तुझं ते रडण्याचं स्तोत्र वाचशील का? मी फोनवरच वाचलं. ती पलीकडे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, उद्या पण वाच.