फँटसी जगात देव खरोखर समोर येत असतील तर लोक संतांना का पुजतील? असे संत कसे लिहावेत?

देवाकडे जायला लोकांना भीती वाटते आणि संत आपल्यातलाच वाटतो, म्हणून. मूळ उत्तर एवढंच. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की शेवटी संत खोटा निघतो असा ट्विस्ट टाकणार आहात, आणि मला खरं तर त्यावरच बोलायचंय.

कॉलेजात आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप होता, एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रात्र रात्र खेळ चालायचा. माझं पात्र म्हणजे एका नावाड्याची मुलगी आणि तिच्यासाठी मी एक संत स्त्री बनवली होती, पुरात दोर धरून अख्खं गाव पलीकडे नेणारी आणि शेवटी स्वतः वाहून गेलेली. तिचे भक्त नदी ओलांडायच्या आधी काठावरच्या दोराला गाठ मारतात आणि सुखरूप परत आले की तीच गाठ आपल्या हाताने सोडतात. जी गाठ सोडायला कोणी परत येत नाही ती तिची, तिला हात लावायचा नाही. हे सगळं मी वहीत लिहून नेलं तर आमच्या डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, पहिला प्रश्न, "हिचा बोनस किती?" म्हणजे हिला पुजून खेळात किती जादा गुण मिळतात. मी म्हटलं बोनस वगैरे काही नाही. "मग पुजतात कशाला, क्लेरिकने (खेळातल्या पुजाऱ्याने) हाक मारली की देव येतोच की." आणि वर सेंट कथबर्टचा दाखला, म्हणजे ग्रेहॉक या डी अँड डीच्याच एका काल्पनिक जगातला तो सोटा घेतलेला कथबर्ट, ज्याला संत म्हणतात पण जो सरळ देवच आहे. म्हणे बघ, संत असा पॉवरफुल पाहिजे.

पुढे काही महिन्यांनी आम्ही माझ्या संतबाईची समाधी उघडली तर आत व्हॅम्पायर, आणि पूर तिनेच आणलेला! बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या पात्राचा कागद उचलला आणि घरी आले, त्या ग्रुपमध्ये परत गेले नाही.

आता त्या कथबर्टचंच घ्या. हे नाव ज्याचं आहे तो खरा कथबर्ट ६८७ मध्ये वारला, इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरचा साधू. व्हायकिंगांच्या भीतीने ८७५ मध्ये तिथल्या लोकांनी बेट सोडलं तेव्हा त्याची शवपेटी सोबत घेतली, वर्षानुवर्षं ती घेऊन फिरले, आणि ती डरहॅमला पोचली ९९५ मध्ये. तोपर्यंत कितीतरी पिढ्या गेल्या, त्यातल्या कोणी त्याला जिवंत पाहिलेलं नव्हतं. बोनस किती मिळतो म्हणून कोणी पेटी उचलत नाही.

फँटसीत हे नीट कुठे बघायचं असेल तर मॉरोविंड हा व्हिडिओ गेम, २००२ चा. तिथे विवेक नावाचा जिवंत देव स्वतःच्या शहरात महालात राहतो, जाऊन भेटता येतो. तरी त्याच शहरातल्या काही वस्त्यांना संतांची नावं आहेत, खाटकांचा आणि मासे विकणाऱ्यांचा संत वेगळा (फेल्म्स, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं), कुंभारांचा वेगळा, आणि भिकाऱ्यांची संत रिल्म्स, जिने पायातले जोडे देऊन टाकले आणि भिकाऱ्याच्या वेशात फिरली. अरालोर तर आधी गुन्हेगार, मग गुडघ्यांवर सरकत यात्रा करणारा. कुम्मूच्या शेतात एक स्थान आहे, तिथे गरीब शेतकऱ्याचं जनावर मेलं म्हणून खुद्द विवेक भारी कपडे काढून त्या जनावराच्या जागी राबला, आणि आजही यात्रेकरूने तिथे त्या शेतातल्या पिकाचा चिकट गोळा वाहायचा. सोनं नाही चालत. जनाबाईसोबत जात्यावर बसणारा विठ्ठल लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि ट्विस्टच हवा असेल तर तोही तिथेच आहे. नेरेवार हा तिथला मोठा संत, मंदिराच्या म्हणण्यानुसार तो लढाईतल्या जखमांनी गेला, पण राखेच्या प्रदेशातल्या टोळ्या सांगतात की ज्या तिघांना (विवेक त्यातलाच एक) मंदिर आज देव म्हणून पुजतं त्यांनीच त्याला मारला. मंदिर त्याची पूजाही करतं आणि तो पुन्हा जन्म घेईल म्हणणाऱ्यांच्या मागेही लागतं. म्हणजे संशय कोणावर येतो बघा, मंदिरावर. नेरेवारला भजणाऱ्या साध्या माणसाला त्यात कोणी मूर्ख ठरवत नाही. आमच्या डीएमने नेमकं तेच केलं होतं, गाठी मारणारं अख्खं गाव त्याने एका फटक्यात मूर्ख ठरवलं.

तेव्हा संताची पॉवर सगळ्यात शेवटी ठरवा, नाही ठरवली तरी चालेल. आधी भक्त हाताने काय करतो ते ठरवा, काय वाहतो, काय खात नाही, आणि समाधीजवळ कोणाला येऊ देत नाहीत ते तर नक्कीच.

हां, तुमच्या ग्रुपला फक्त मारामारीच हवी असेल तर टाका व्हॅम्पायर, तुमचा खेळ आहे. पण तो संत एखाद्या खेळाडूने स्वतः बनवलेला असेल तर आधी त्याला विचारा.