ज्ञान कुणाच्या मालकीचं असू शकतं का?

ज्ञानावर नाही, त्याच्या वापरावर मालकी असते, तीही बहुधा मुदतीची. पेटंट साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं आणि त्या बदल्यात शोध कसा चालतो हे जगाला उघड सांगावं लागतं. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. निसर्गनियम कुणाच्याच नावावर होत नाहीत.

जीव वाचवणारं ज्ञान मात्र कुणी अडवून धरू नये, असं मला मनापासून वाटतं. १९२३ साली इन्सुलिनच्या संशोधकांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं. दुसऱ्या कुणी मक्तेदारी करू नये, म्हणूनच ते घेतलं होतं!

पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं वनौषधींचं ज्ञान या चौकटीत नीट बसत नाही. तिथे शोधकर्ता एकटा नसतो, अख्खा समाज असतो.