इतक्या क्षीण चुंबकीय क्षेत्राने फ्यूजन प्लाझ्माच्या काठावरचे उद्रेक कसे थांबतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: टोकामॅक या फ्यूजनच्या (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) बांगडीच्या आकाराच्या यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, धरून ठेवायला काही टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र आधीच असते, मग त्याच्या हजाराव्या किंवा दहा हजाराव्या हिश्श्याएवढे जादा क्षेत्र लावल्याने काठावरचे उद्रेक कसे थांबतात, आणि त्यापेक्षा मूळ क्षेत्रच का वाढवत नाहीत? मी जळगावात पदवीच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवतो. प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो उलगडला की पहिला सोपा होतो.

१९८२ मध्ये जर्मनीत गार्खिंग येथील ‘अ‍ॅस्डेक्स’ या यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना आढळले की, तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्मा आपोआप उष्णता जास्त चांगली धरून ठेवू लागतो. या अवस्थेला एच-मोड म्हणतात. तीत काठालगतच्या काही सेंटिमीटर जाडीच्या थरातील खळबळ शमते, उष्णतेची गळती घटते आणि तेवढ्याशा जागेत दाबाचा उतार कड्यासारखा तीव्र होतो. हा उतार स्वतःचा विद्युतप्रवाहही निर्माण करतो. उतार आणि प्रवाह या दोहोंनी मिळून मर्यादा ओलांडली की काठ अस्थिर होतो आणि बलरेषांच्या दिशेने ताणलेले प्लाझ्माचे तंतू मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बाहेर फेकले जातात. यालाच ‘एल्म’ (एज लोकलाइज्ड मोड) म्हणतात. उद्रेकानंतर दाब पडतो, पुन्हा चढतो आणि पुन्हा फुटतो. मूळ क्षेत्र वाढवले तर मर्यादा वर सरकते खरी, पण प्लाझ्माही तेवढाच वर चढतो आणि फुटतो तेव्हा सोबत अधिक ऊर्जा घेऊन जातो. म्हणजे दुखणे बरे होत नाही, फक्त मोठे होते.

सध्याच्या यंत्रांना हे निभावते. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकला निभावणार नाही. तेथील प्लाझ्मात सुमारे ३५० मेगाज्यूल ऊर्जा साठलेली असेल आणि अनियंत्रित एल्मपैकी एकेक सुमारे २० मेगाज्यूल बाहेर टाकेल असा अंदाज आहे. तिचा मोठा भाग डायव्हर्टरच्या, म्हणजे प्लाझ्मातून निसटणारी उष्णता व कण झेलणाऱ्या भागाच्या, टंगस्टनवरील अरुंद पट्ट्यावर येऊन आदळतो. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळते, तरीही अशा वारंवार झटक्यांनी ठोकळ्यांच्या कडा वितळतात, पृष्ठभागाला तडे जातात, आणि निसटलेले टंगस्टनचे अणू प्लाझ्मात शिरून त्याची ऊर्जा प्रारणाच्या रूपाने घालवतात. सुरक्षित मर्यादा एक मेगाज्यूलच्या आतबाहेर धरली जाते.

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे थोडे थोडे उघडून तापीचे पाणी सोडत राहतात, तसेच येथे काठाचा दाब फुटण्याच्या मर्यादेखाली राहील एवढी गळती मुद्दाम चालू ठेवायची असते. धरणाला दरवाजे असतात. प्लाझ्माला ते कोठून आणायचे? येथे आपल्या प्रश्नाचा पहिला भाग येतो.

टोकामॅकमधील बलरेषा बांगडीसारख्या कड्याभोवती लांबच्या फेऱ्याही मारते आणि त्याच्या जाडीच्या छेदाभोवती आखूड फेऱ्याही. या दोन फेऱ्यांचे गुणोत्तर प्रत्येक थरात वेगळे असते. ते ११/३ असेल तेथे अकरा लांब आणि तीन आखूड फेऱ्या झाल्या की रेषा नेमकी सुरुवातीच्या बिंदूवर परतते. आता प्लाझ्माबाहेरच्या, प्रवाह वाहणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांनी असे क्षेत्र लावले, जे कड्याभोवती तीनदा आणि छेदाभोवती अकरा वेळा आत-बाहेर होते, तर त्या थरावरील रेषेला प्रत्येक फेरीत एकाच बाजूला ढकल मिळते. ढकल नगण्य असते, पण ती साचत जाते. इतर थरांत मात्र पुढची ढकल मागची पुसून टाकते. मूळ क्षेत्र दोन टेस्लाचे असेल तर त्याचा दहा हजारावा हिस्सा दोन गॉस होतो, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही पट. महत्त्व ताकदीला नाही, जुळणीला आहे. त्या थरात बलरेषांच्या बंद गुंडाळ्या, म्हणजे चुंबकीय बेटे, तयार होतात, त्यांतून कण आणि उष्णता निसटते, आणि तीव्र उताराचा पट्टा आत पसरत जाऊन फुटण्याच्या टोकाला पोहोचत नाही.

सॅन दिएगोच्या ‘डीथ्री-डी’ यंत्रावर टॉड इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या पद्धतीने मोठे एल्म पूर्ण थांबवून दाखवले. पुढे दक्षिण कोरियाचे ‘केस्टार’, चीनचे ‘ईस्ट’ आणि जर्मनीचे ‘अ‍ॅस्डेक्स अपग्रेड’ येथेही ते जमले. ब्रिटनच्या ‘मास्ट’वर मात्र एल्म लहान आणि वारंवार झाले, थांबले नाहीत.

हा फरक पडतो, कारण प्लाझ्मा मुकाट्याने क्षेत्र आत घेत नाही. फिरणारा प्लाझ्मा स्वतःत प्रवाह उभे करून बाहेरचे क्षेत्र अडवतो, तर काही वेळा स्वतःच वाकून तेच क्षेत्र वाढवतो. म्हणूनच फेऱ्यांच्या गुणोत्तराची अरुंद खिडकी, परिभ्रमण, घनता आणि छेदाचा आकार हे सगळे एकाच वेळी जुळावे लागते. शिवाय दाबाबरोबर घनताही घटते, आणि क्षेत्र जास्त झाले तर ते गाभ्यापर्यंत पोहोचून प्लाझ्माचे फिरणेच थांबवते व सगळा प्रयोग कोसळतो. माझ्या मते ही किंमत लोकप्रिय लेखांत नेहमी कमी सांगितली जाते.

इटरमध्ये निर्वातपात्राच्या आत तीन ओळींत प्रत्येकी नऊ, अशी २७ वेटोळी असतील. तांब्याची, पाण्याने थंड केलेली आणि प्रत्येकात १५ हजार अ‍ॅम्पिअरपर्यंत प्रवाह नेणारी. (त्या यंत्राला बाहेरून वेढणारे क्रायोस्टॅट आपल्या तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला तयार झाले, हे जाता जाता.) क्षेत्र किती लावायचे याचे उत्तर हल्ली यंत्रच चालू प्रयोगात शोधते: डीथ्री-डी आणि केस्टारवर नियंत्रक आधी एल्म थांबेपर्यंत क्षेत्र वाढवतो, मग एल्म पुन्हा डोके वर काढण्याच्या बेतात येईपर्यंत क्षेत्र कमी करतो, आणि अशा रीतीने गमावलेल्या दाबाचा बराच भाग परत मिळवतो.