"नुसता आवाज मोजण्यात" करिअर आहे का?

प्रश्न : मुलगी कराडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, भौतिकशास्त्र घेऊन. गुरुत्वीय लहरींवर काम करायचं म्हणते. पण त्या यंत्रांवर बरीच माणसं नुसता वाऱ्याचा, गाड्यांचा आवाज मोजत बसतात, असं ऐकलं. याला करिअर म्हणायचं का? – एक पालक, पाटण

उत्तर : नमस्कार. 'नुसता' एवढा शब्द काढा, बाकी बरोबर ऐकलंत.

गुरुत्वीय लहरी म्हणजे विश्वातल्या प्रचंड घडामोडींमुळे अवकाश-काळात उठणारे तरंग. त्या टिपणारी लायगोची यंत्रं अमेरिकेत लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथे आहेत; त्यांची प्रत्येक भुजा 4 किलोमीटरची. 2015 मध्ये पहिली लहर सापडली तेव्हा त्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो भागांतल्या एका भागाएवढा होता. इतकं बारीक मोजायला गेलं की सगळं जग मध्ये लुडबुडतं. लिव्हिंग्स्टनला जवळून आगगाडी जाते, हॅनफर्डला वाऱ्याने इमारत कलते, दूरच्या समुद्राच्या लाटा जमीन हलवतात. हॅनफर्डच्या नोंदींत एकदा अनोळखी ठकठक उमटू लागली. माग काढला तर तहानलेले डोमकावळे गार नळीवरचा बर्फ टोचत होते! हा माग काढणारी माणसं नसतील, तर खरी लहर कोणती हे ठरवणार कोण?

आणि हे तुम्ही पाटणकरांनी विचारावं? 1967 च्या मोठ्या भूकंपानंतर कोयनेच्या धक्क्याने मांडणीवरची भांडी वाजली की "केवढा होता?" हाच तुमच्याकडे पहिला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचं शास्त्र कराडातच, जमिनीत खोल घेतलेल्या छिद्रांतून (बोअरहोल) भूकंप अभ्यासणाऱ्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत चालतं. प्रकल्पासाठी तिथे अर्ज करायला सांगा.

तोवर घरी एक करून बघू दे. पाण्याची मोटर चालू करून शेजारी फरशीवर मोबाइल ठेवायचा, कंपनं नोंदवणाऱ्या ॲपमधला डेटा पायथन या संगणकभाषेत घ्यायचा आणि आलेखात कोणत्या कंप्रतेला (म्हणजे सेकंदाला किती कंपनं) टोक येतं ते शोधायचं. मग मोटर बंद करून पुन्हा. यात रमली, तर तिची आवड खरी.

पुढची वाट : जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग जेस्ट किंवा नेट या परीक्षांतून पीएच.डी. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था या क्षेत्रात आहेच. हिंगोलीतल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला, म्हणजे भारतातल्या अशाच यंत्राच्या प्रकल्पाला, 2023 मध्ये केंद्राने 2600 कोटींची मंजुरी दिली आहे. पदं मोजकी असतात, हे लपवत नाही. पण सेन्सर आणि सिग्नल हाताळणाऱ्याला भूकंपशास्त्रात, कारखान्यांतही काम मिळतं. फक्त तिसऱ्या वर्षी तिला इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर सोडू देऊ नका. "अवघड जातो" म्हणेल, तरी नाही.