1870 च्या आसपास जन्मलेले आयरिश पणजोबा कुठे शोधावेत?

सुरुवात 1911 च्या जनगणनेपासून करा. पणजोबा परदेशी गेले असले, तरी त्यांचे आईवडील किंवा भावंडं तिथे सापडू शकतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 1901 आणि 1911 या दोन्ही जनगणना ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. त्याआधीच्या जवळजवळ नाहीतच: 1861 ते 1891 च्या सरकारनेच नष्ट केल्या, आणि 1821 ते 1851 च्या बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेल्या. फार मोठं नुकसान आहे हे.

1911 च्या फॉर्मवर विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, हयात किती, हे विचारलं होतं. त्यावरून लग्नाचं साल काढा. मग सरकारी नोंदी बघा. सगळ्यांच्या जन्म, मृत्यू, विवाहाच्या नोंदी 1864 पासून आहेत; कॅथलिक नसलेल्यांचे विवाह 1845 पासून. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं, आणि एकाच नावाच्या चार माणसांतून आपला माणूस ओळखायला तेच उपयोगी पडतं.

वयावर मात्र विसंबू नका. 1909 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं, त्यामुळे 1901 ते 1911 या दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसं पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात! आडनावातला 'ओ' किंवा 'मॅक' गाळूनही शोधा. आणि उशिरा नोंदवल्यास दंड असे, म्हणून जन्मतारीख पुढची सांगितली जाई. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर नोंद चुकीच्या माणसाची समजून सोडून देऊ नका.